आकाशवाणीचा एक दिवस आणि शाळेतील श्रवणपाठ

आकाशवाणी केंद्राचा दिवस पहाटेस, बहुतेक घरांत हालचाल सुरू होण्यापूर्वीच उगवतो. प्रथम परिचित संकेतधून, मागोमाग ‘वंदे मातरम्’, नंतर सनईचा मंगलध्वनी असा हा क्रम आहे. ती संकेतधून १९३६ च्या सुमारास वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने रचली. प्रागमध्ये विद्याभ्यास केलेला हा गृहस्थ युरोपातील ज्यूद्वेषाच्या काळात मुंबईस आश्रयास आला होता. भारतीय पहाटेचा म्हणून जो स्वर पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेला, तो एका परदेशस्थाच्या हातून घडला, हे वरच्या इयत्तांतील मुलांना अवश्य सांगावे.

नावाचाही इतिहास मुलांना आवडण्याजोगा आहे. मराठीत पूर्वी ‘नभोवाणी’ हा शब्द रूढ होता. ‘नभोनाट्य’ या शब्दात तो अद्याप टिकून आहे. म्हैसूर येथील केंद्राने १९३५ मध्ये ‘आकाशवाणी’ हे नाव योजिले व पुढे १९५० नंतरच्या दशकात ते सर्व देशभर स्वीकारले गेले. २०२३ मध्ये तर ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे इंग्रजी नाव बाजूस सारून केवळ ‘आकाशवाणी’ वापरावे असे ठरले. कंसाच्या गोष्टीतील आकाशवाणी मुलांना ठाऊक असते. ती एकट्या कंसाने ऐकावी अशी होती. ही मात्र ‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ आहे.

आता दिवसाचा क्रम पाहावा. पहाटे भक्तिगीते, सकाळी बातम्या, कामास निघण्यापूर्वी शेतकऱ्यास हवामान, दुपारी गृहिणींसाठी कार्यक्रम, सायंकाळी ग्रामीण श्रोत्यांसाठी शेतीविषयक संवाद, पुन्हा बातम्या, रात्री भाषण, नाटक वा शास्त्रीय संगीत. केंद्रागणिक यात फेरफार होतात. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारास समुद्राची स्थिती कळणे अगत्याचे, तर सोलापूरच्या श्रोत्यास पावसाची. परंतु तत्त्व एकच. अमुक घटकेस घरात कोण असेल, त्याचे हात कोणत्या कामात गुंतलेले असतील, याचा विचार करून हा दिवस मांडलेला असतो. जनतेची आवड ओळखण्यात या संस्थेची चूक झाली नाही असे नाही. १९५२ नंतर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले; अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

सबंध दिवस एकाच माणसाने ऐकावा, अशी ही योजनाच नाही. हे ध्यानी न घेतल्यामुळे काही शाळांत संच सकाळी सुरू होतो आणि शाळा सुटेपर्यंत कोपऱ्यात वाजत राहतो. दोन-तीन दिवसांतच मुलांच्या कानांना तो पंख्याच्या घरघरीसारखा होतो. अशा शाळेत रेडिओ असतो, पण श्रवण नसते. छापील पान मागे उलटता येते; उच्चारलेला शब्द निघून जातो. त्यासाठी वेळेवर येऊन बसावे लागते. १९५५ च्या रामनवमीस पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली आणि महाराष्ट्रातील कितीतरी घरांनी आपला दिनक्रम त्या घटकेभोवती बेतला. आज भ्रमणध्वनीवर कोणतेही गीत कोणत्याही क्षणी मिळते. म्हणूनच एकदाच येणाऱ्या आवाजाची वाट पाहण्याचा सराव आता शाळेलाच द्यावा लागेल.

केवळ ऐकल्याने काय साधते, याचा एक उत्तम प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झालेला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या परिसरातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि चर्चेचा वृत्तांत व शंका केंद्राकडे धाडीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तुलना तीत होती. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. संच तोच, निवेदक तेच, कार्यक्रमही तेच. अंतर पडले ते ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने या प्रयोगाहून मोलाचा दाखला सापडणे कठीण.

तेव्हा आठवड्यातून एकच दिवस, एकच कार्यक्रम निवडावा. शाळेच्या वेळात योग्य कार्यक्रम येत नसेल, तर सकाळचे प्रादेशिक बातमीपत्र मुलांनी घरी ऐकावे व पाठ शाळेत घ्यावा. ज्यांच्या घरी संच नाही, त्यांना शेजारच्या घरी बसवावे. यात कमीपणा नाही, श्रोतृमंडळे अशीच चालत. भ्रमणध्वनीवरही आकाशवाणीची केंद्रे ऐकता येतात.

उदाहरणार्थ पावसाळ्यातील एक बातमी घ्यावी : कोयना धरणातून अमुक हजार क्युसेक पाण्याचा विसर्ग सुरू आहे. कराड, सांगलीकडील मुलांनी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलेले असते. परंतु ‘विसर्ग’ म्हणजे काय असे विचारता, वरच्या इयत्तेतील मूल व्याकरणातील दोन टिंबे सांगते! आदल्या दिवशीच फळ्यावर तीन शब्द लिहून द्यावेत : विसर्ग, क्युसेक, धोक्याची पातळी. क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. घरच्या मापात साधारण दोन हंडे. मग दहा हजार क्युसेक म्हणजे डोळ्यांची उघडझाप होते न होते तोच वीस हजार हंडे! हा हिशेब मुलांनीच मांडावा. कृष्णेचा नकाशा काढून कोयना तिला कराडच्या प्रीतिसंगमावर कशी मिळते, तेथून पाणी कोणत्या गावांकडे जाते, हे दाखवावे. २००५ व २०१९ च्या महापुरांचा अनुभव ज्या गावांनी घेतला, तेथे या पाठाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. पुरात वीज जाते, भ्रमणध्वनी निकामी होतात, सेलवर चालणारा छोटा संच तेवढा बोलत राहतो. अशा वेळी घरात नीट ऐकणारे एक मूल असणे ही मोठी गोष्ट होय.

ऐकताना खालच्या इयत्तांनी काही लिहू नये. वरच्यांनी प्रत्येक बातमीस एक शब्द टिपावा, अधिक नव्हे. नंतर प्रत्येकाने एकेक बातमी आपल्या शब्दांत सांगावी. बोलीत सांगितली तरी चालेल, मजकूर मात्र खरा असावा. येथे मराठी अंकांची गंमत उघडी पडते. ‘एकोणसाठ’ ऐकून एक मूल ६९ लिहिते, दुसरे ‘पंचेचाळीस’चे ५४ करते. ‘दीड लाख’ आणि ‘अडीच लाख’ यांतील फरक तर पुष्कळांच्या कानांतून निसटतो. शिक्षकाने लगेच चूक दाखवू नये. दोन मुलांनी दोन आकडे सांगितले की वर्गात वाद होऊ द्यावा, आणि पुढील बातमीपत्रात तो आकडा पुन्हा येतो का, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. अफवा कशी जन्मास येते, हे मुलांना याहून चांगल्या रीतीने कळणार नाही.

रात्रीचा पाठ घरचा. पाचवीच्या पुढील मुलांनी मध्यम लहरींचा संच मिळाल्यास सूर्यास्तानंतर काटा हळूहळू फिरवून पाहावा. दिवसा न लागणारी दूरची केंद्रे तेव्हा लागतात. कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणाचा थर अंधार पडताच विरळ होतो व त्यावरील थरावरून लहरी परावर्तित होऊन लांबवर पोहोचतात. मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक अलीकडे बंद झाले आहेत. जे उरले आहेत, तोवर हा प्रयोग करून घेणे बरे.

वर्गातील चर्चेत ज्या शंकेचे उत्तर मिळाले नाही, ती पोस्टकार्डावर लिहून संबंधित केंद्रास पाठवावी. पत्रात शाळेचे नाव, इयत्ता, कार्यक्रमाचे नाव, तारीख व वेळ यांचा उल्लेख असावा. प्रश्न मुलांचा व मुलांच्याच भाषेत राहू द्यावा. शिक्षकाने पत्ता आणि पिनकोड तेवढा तपासावा.