जागा धरायला ठेवलेली पर्स

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. रुमाल पडला की जागा आपली, हा अलिखित कायदा आपल्याकडे अजून बऱ्यापैकी पाळला जातो. त्याच भरवशावर मी व्हेनिसजवळच्या मेस्त्रेमधल्या एका हॉटेलात, सकाळी साडेसातला, न्याहारीच्या दालनात खिडकीजवळच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि टोस्ट आणायला गेले. परत आले तेव्हा खुर्ची जागेवर होती.

पर्समध्ये माझा पासपोर्ट, २८० युरो, फॉरेक्स कार्ड आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. शिवाय एक प्लास्टिकचं फोल्डर होतं. त्यात पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, विम्याची पॉलिसी असं सगळं नीट क्रमाने लावलेलं. तेहतीस वर्षं बँकेत काढली, लोकांना प्रती वेगळ्या ठेवा म्हणून सांगितलं आणि स्वतः मात्र मूळ आणि प्रत एकाच पिशवीत घालून युरोप फिरले. चोराला फाइलसकट दिलं.

नंतर कळलं की ग्रुप टूरची न्याहारी ही चोरांच्या आवडीची वेळ. दालनात दोन-तीन देशांचे ग्रुप एकत्र असतात, निम्मे लोक थाळ्या घेऊन फिरत असतात आणि अनोळखी माणूस दिसला की तो दुसऱ्या ग्रुपमधला असेल असं प्रत्येकाला वाटतं. गळ्यात ओळखपत्राची दोरी आणि हातात कॉफीचा कप असला की झालं. आम्ही लुव्र आणि आयफेलपाशी पर्स पोटाशी धरून चाललो होतो, कारण तिथे खिसेकापूंचे फलक आहेत. हॉटेलात मात्र घरी आल्यासारखी सैल झाले.

आमचा टूर मॅनेजर मुलगा चांगला होता. धावत आला, रिसेप्शनवर कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, पोलीस ठाण्याचा पत्ता लिहून दिला. मग माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाला, "काकू, साडेआठला मला बस काढावी लागेल. बाकीचे चाळीस जण आहेत." तेव्हा मला त्याचा राग आला. एवढे पैसे मोजले, आणि हा मला परक्या गावात सोडून जाणार? आता मागे वळून पाहताना वाटतं, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. ग्रुप टूर काढणारे आपल्याला सांगतात की तुम्ही फक्त यायचं, बाकी आमच्यावर सोडा. आपण खरंच सोडतो. चार-पाच दिवसांत आपण कुठल्या गावात आहोत, हॉटेलचं नाव काय, उद्या कुठे जायचं, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. पण ज्या दिवशी आपला पाय घसरतो, त्या दिवशी ग्रुप थांबू शकत नाही. तो थांबला तर चाळीस माणसांचं पिसा बुडतं.

बस का थांबत नाही, हेही सांगायला हवं, कारण त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडणं झाली. युरोपीय संघात बसच्या ड्रायव्हरला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते. आठवड्यातून दोनदा फार तर १०. साडेचार तास चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. रात्रीची सलग विश्रांती ११ तासांची. ठरावीक वेळा ती ९ तासांवर आणता येते, त्यापलीकडे नाही. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवतं आणि मोडलं तर दंड होतो. आपल्याकडे "दादा, जरा थांबा हो" म्हटलं की ड्रायव्हर थांबतो. तिथला दादा घड्याळ दाखवतो. पॅरिसला सीन नदीवरच्या बोटीनंतर आमच्यातलं एक कुटुंब अत्तरं घेत राहिलं आणि बस हॉटेलवर तासभर उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायला तेवढाच उशीर झाला आणि तो सगळा ब्रुसेल्सच्या खात्यातून वजा झाला. तिथला तो जगप्रसिद्ध मुतणारा पोरगा जेमतेम ५५ सेंटिमीटर उंच. आम्हाला तो समोरच्या लोकांच्या खांद्यांमधून अर्धा दिसला. ज्यांनी अत्तरं घेतली तेच सर्वांत मोठ्याने म्हणाले, "एवढंच?"

आता माझी गोष्ट पुरी करते. ग्रुप पिसाकडे गेला. मी आणि हे पोलिसांकडे. यांचा पासपोर्ट शर्टाच्या आत गळ्यातल्या कापडी पाकिटात होता. त्या पाकिटावरून मी घरी त्यांना "काय ते कंडक्टरसारखं" म्हणून हसले होते. पुढचे तीन दिवस हे त्यावरून एक शब्द बोलले नाहीत, पण पाकीट अधूनमधून चाचपत राहिले.

इटलीत चोरीच्या तक्रारीला देनुंचा म्हणतात. तो कागद मिळवल्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही: ना दूतावासाचं, ना विम्याचं. त्यात पासपोर्टचा क्रमांक लिहावा लागतो. माझा क्रमांक मला पाठ नव्हता. सुदैवाने फोन स्वेटरच्या खिशात होता. पुण्यात सुनेला फोन केला. व्हिसाच्या अर्जाचे स्कॅन तिनेच केलेले. तिने पाच मिनिटांत पासपोर्टची पहिली-शेवटची पानं आणि व्हिसाच्या पानाचा फोटो पाठवला. ते नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करत नाही.

मेस्त्रेहून भारताचं सर्वांत जवळचं वाणिज्य दूतावास कार्यालय मिलानला. रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचलो. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. हा पासपोर्ट नव्हे. भारतात परतण्यापुरता, एकेरी प्रवासाचा कागद. माझा पासपोर्ट टूरच्या शेवटाकडे गेला हे त्यातल्या त्यात नशीब. पॅरिसला दुसऱ्याच दिवशी गेला असता तर पुढचे सगळे देश सोडून तिथूनच घरी यावं लागलं असतं. आणि दिवस बुधवार होता. शुक्रवारी दुपारी हे घडलं असतं तर शनिवार-रविवार बंद दारासमोर काढावे लागले असते. गुरुवारी संध्याकाळी कागद हातात आला, शुक्रवारी रेल्वेने रोम गाठलं. पिसा, फ्लॉरेन्स, व्हॅटिकन यातलं मी काही पाहिलं नाही.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं. पासपोर्ट अंगावर, कपड्याच्या आत. पर्समध्ये नाही, बसच्या सीटसमोरच्या जाळीत नाही, उशीखाली तर मुळीच नाही. एक झेरॉक्स मोठ्या बॅगेत, एक जोडीदाराकडे, स्कॅन घरच्या कुणाकडे तरी. चार फोटो वेगळ्या पाकिटात. पैसे नवरा-बायकोत विभागून आणि दोन कार्डं दोन ठिकाणी. रोजच्या हॉटेलची नावं-पत्ते एका कागदावर लिहून खिशात. टूरवाले यादी देतात, आपण ती बॅगेच्या तळाशी घालतो. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो. आणि गोळ्या कधीही एकाच जागी ठेवू नका. माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं आपल्याकडचं नाव मिलानच्या औषधवाल्याला काहीच कळेना. यांनी गुगलवर औषधाचं मूळ नाव शोधलं तेव्हा काम झालं. डॉक्टरांकडून मूळ नावांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या.

विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, म्हणून टूरवाले तो काढून देतात आणि आपण "विमा आहे" म्हणून निर्धास्त होतो. माझ्या पॉलिसीने पासपोर्टचा खर्च थोडी वजावट करून दिला, तोही पोलिसांचा मूळ कागद पाहून. मिलानचं हॉटेल आणि रेल्वेची तिकिटं मात्र आमच्या खिशातून. वय साठीपुढे असेल किंवा मधुमेह, हृदयविकार असेल तर तो अर्जात लिहिला आहे ना, हे स्वतः वाचा. न लिहिलेल्या आजाराचा दावा नंतर नाकारला जाऊ शकतो आणि तेव्हा टूरवाला काही करू शकत नाही.

कार्यक्रमपत्रिका वाचण्याचीही एक कला आहे आणि ती मला उशिरा आली. तिथे क्रियापदं पाहायची. "भेट देऊ" म्हणजे तिकीट काढून आत. "पाहू" म्हणजे बहुधा बाहेरून. "फोटो स्टॉप" म्हणजे उतरा, काढा, चढा. "पॅनोरॅमिक सिटी टूर" म्हणजे बसच्या काचेतून, आणि तुम्ही उजवीकडे बसला असाल तर डावीकडचं शहर सोडून. आयफेल टॉवरपुढे कंसात "दुसरा टप्पा" लिहिलेलं असतं. तो साधारण ११५ मीटरवर आहे, वरचं टोक २७६ मीटरवर. तिथे रांगेत उभं राहून "आम्ही तर वरपर्यंतचे पैसे भरलेत" असं म्हणणारे निदान तिघे आमच्यात होते. त्यांनी भरले नव्हते. हॉटेल "पॅरिस" असं लिहिलेलं असतं, पण ते शहराबाहेर पाऊण तासावर असू शकतं. स्वस्त पडण्याचं तेच कारण आहे, त्यात फसवणूक नाही. फक्त संध्याकाळी जेवून एकटं फिरायला जाता येईल, हे स्वप्न मनातून काढून टाका.

पैशांबाबत एक बारीक गोष्ट, बँकवालीची. परदेशी टूरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. दर बदलत राहतो. पण तो खर्च नव्हे; विवरणपत्र भरताना आपल्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. ज्याच्या पॅनवर कापला गेला त्याला. बुकिंग करताना पॅन कुणाचा द्यायचा हे आधी ठरवा. आणि व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल, हे लेखी विचारा. तोंडी उत्तर फार गोड असतं.

बाकी किरकोळ. सुटी नाणी जपा, स्वच्छतागृहाला ५० सेंट ते १ युरो लागतो आणि यंत्र नोट घेत नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून पेढे, खव्याच्या वड्या घरी ठेवा. चिवडा, चकली, खाकरा न्या आणि भरपूर न्या, कारण पाचव्या दिवशी सगळा ग्रुप तुमच्या डब्याकडे पाहतो. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे उत्साहाने बर्फात धावायला जाऊ नका. आमच्यातले एक काका पायऱ्या चढताना मटकन खाली बसले, पाच मिनिटांनी उठले आणि मग दिवसभर बायकोने त्यांना एकट्याला सोडलं नाही. बसमधल्या पुढच्या सीटवरून होणारं भांडण टाळायला पहिल्याच दिवशी रोज दोन ओळी मागे सरकायचं ठरवून घ्या. तसं आम्ही ठरवलं होतं. दोन जोडप्यांनी ते पाळलं नाही. एवढ्या मोठ्या प्रवासात या गोष्टीचा राग यावा हे हास्यास्पद आहे, पण येतो.

एवढं होऊनही मी ग्रुप टूरला जाऊ नका म्हणणार नाही. आम्हा दोघांना इटालियन येत नाही, मोठ्या बॅगा झेपत नाहीत, आणि रात्री गरम वरण-भात समोर आला की माझे डोळे भरून येतात, हे मान्यच करते. शुक्रवारी रात्री रोमच्या हॉटेलवर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. ब्रुसेल्समध्ये जिच्याशी मी अत्तरावरून कडाक्याने भांडले होते, त्याच बाईने आमच्यासाठी जेवण कागदी डब्यात बांधून ठेवलं होतं. भात गार झाला होता. लॉबीत गर्दी होती, दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या. हे म्हणाले, "तू पाणी आण, मी इथे जागा धरतो." मिलान स्टेशनवर घेतलेली कापडी पिशवी मी गळ्यातून काढली नाही. पाणी घेऊन आले आणि ती मांडीवर ठेवूनच जेवले.