कवडी : तिचें समुद्रांतील घर व तिचा सरकारी वसूल

कवडी न पाहिलेला शेतकरी आपल्या इकडे विरळा. पोळ्याला बैलांच्या माळेंत ती असते, आराध्यांच्या गळ्यांत असते, आणि माल पडेल भावानें विकावा लागला म्हणजे तो ‘कवडीमोल’ गेला असें आपण म्हणतों. परंतु हें एका समुद्री गोगलगाईचें कवच आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

शास्त्रज्ञ हिला मोनेटारिया मोनेटा म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत उष्ण समुद्रांत ती आढळते. आपल्या लक्षद्वीपांतही आहे. खोल पाणी तिच्या कामाचें नव्हे. पोंवळ्यांच्या खडकांवर, ओहोटीला थोडेंच पाणी राहतें अशा उथळ जागीं, दगडांखालीं व फटींत ती दिवसा दडून बसते आणि रात्रीं बाहेर पडून शेवाळ खाते. जिवंतपणीं तिच्या अंगाचा मऊ पडदा दोहों बाजूंनीं वर येऊन कवच झांकतो. कवडीची झिलई ही त्या पडद्याचीच करामत होय. लहानपणीं कवच पातळ व तोंड मोकळें असतें. वयांत आल्यावर कांठ आंत वळून जाड होतो, त्यावर दांते उमटतात, आणि मग लांबी वाढत नाहीं; ती बहुधा इंचाहून कमीच राहते. मादी अंडीं घालून त्यांवर बसून राहते.

इ. स. १३४३ च्या सुमारास मालदीवांत गेलेल्या इब्न बतूतानें लिहिलें आहे कीं, तेथील लोक कवड्या खड्ड्यांत टाकून मांस कुजूं देत, व उरलेलीं कवचें बंगालच्या लोकांस देऊन तांदूळ घेत.

आमचें आयुष्य वसुलाच्या हिशेबांत गेल्यामुळें यापुढील हकीकत आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. ओडिशा प्रांत इ. स. १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता, व तेथें सारा कवड्यांत येई. १२८० कवड्यांचा एक काहण, आणि चार काहणांचा म्हणजे ५१२० कवड्यांचा एक रुपया. इंग्रजांनीं प्रांत घेतल्यावर सारा चांदींत मागूं लागले. रयतेच्या घरीं भात आणि कवड्या. रुपया मिळवावयाचा तो सराफाकडून. कवडीचा भाव उतरला, तसतसे एका रुपयास चारांहून अधिक काहण मोजावे लागले. कागदावर आकार तितकाच, पण घरांतून जाणारें धान्य जास्त! इ. स. १८१७ त खुर्द्यास पाइकांचा उठाव झाला. जमिनी गेल्या हें दुःख मोठें होतेंच, पण चांदीच्या साऱ्याचा जाचही त्याच्या कारणांत गणला जातो.

आतां कवडीचें घरच धोक्यांत आहे. इ. स. १९९८ त व पुन्हां २०१६ त समुद्राचें पाणी तापून मालदीव व लक्षद्वीप येथील पोंवळीं मोठ्या प्रमाणावर मेलीं. कोणी वाचक तिकडे गेल्यास जिवंत कवडी उचलूं नये, आणि पाहण्यासाठीं दगड उलटलाच तर तो होता तसा परत ठेवावा. खालची बाजू उघडी राहिली म्हणजे तिला चिकटलेलीं अंडीं उन्हानें सुकून जातात.