जावईबापू घरी येण्याआधी

पोरी, पाय कापल्यानंतर जावईबापू परवा दवाखान्यातून घरी येतील. त्याआधी चार गोष्टी ऐकून ठेव. आमच्या यांचाही पाय गुडघ्याखाली कापला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी सांगते ते सगळं यांच्यासोबत राहून आणि कृत्रिम पाय बसवणाऱ्या लोकांकडून शिकलेलं आहे.

जावईबापूंची पट्टी सोडतात तेव्हा खोलीबाहेर जाऊ नकोस. डॉक्टर त्या उरलेल्या भागाला स्टंप म्हणतात. तो नीट बघ आणि जखम भरली की हात लाव. तुझ्या चेहऱ्यावर भीती आहे की किळस, हे ते न बोलता शोधत असतील. बायकोनं सहज हात लावला की माणूस स्वतःही लावू लागतो. त्यांनी तो लावायलाच हवा, कारण पुढे रोजची निगा त्यांनाच राखायची आहे.

क्रेप बँडेज बांधायला दोघंही शिका. फेऱ्या तिरक्या, एकीवर एक छेदून घ्यायच्या. टोकाला घट्ट आणि वर येईल तशी सैल. उलटं झालं तर टोकाशी सूज साठते. सरळ गोल वेटोळी घातली तर रक्त अडतं. पट्टी सैल झाली की सोडायची, त्वचा बघायची, पुन्हा बांधायची.

आणि गुडघ्याखाली उशी देऊ नकोस. माया करायला गेलीस की पहिलं हेच सुचेल, म्हणून मुद्दाम सांगते. गुडघा वाकलेला राहिला की तो तसाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसवणं अवघड होतं. खुर्चीत बसतानाही पाय लोंबकळत ठेवायचा नाही. खाली फळी सरकवून सरळ ठेवायचा. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून काही वेळ पालथं झोपवत जा, म्हणजे खुब्याचा सांधाही मोकळा राहील.

रात्रीची जास्त काळजी घे. अर्धवट झोपेत पाय गेल्याचं भान नसतं. माणूस लघवीला म्हणून नेहमीसारखा उठतो आणि नसलेल्या पायावर भार टाकतो. पडून टाके उसवलेले मी पाहिलेत. वॉकर पलंगाला टेकवून ठेव, झिरोचा दिवा लाव, सुरुवातीला लघवीचं भांडं जवळच असू दे. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाक. अंघोळीला पक्की, न घसरणारी खुर्ची हवी. कुबड्यांच्या रबरी टोप्या झिजल्या की लगेच बदल. आणि भार तळहातांवर घ्यायचा, काखेत नाही. काखेतली नस दबली तर हात बधिर होतात.

‘अंगठा दुखतोय’ असं ते म्हणतील, आणि अंगठा तर नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ असं चुकूनही म्हणू नकोस. दुखणं खरंच असतं. पायाच्या नसा आणि मेंदूतली पायाची जागा अजून कामच करत असते. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी बऱ्याचदा भागत नाही. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडे माग. १९९०च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा एक उपाय पुढे आणला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा आणि त्यात धडधाकट पायाचं प्रतिबिंब बघत तो हलवायचा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायला काय हरकत आहे?

भेटायला येणारी मंडळी कृत्रिम पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रनचं नाव काढतील. ‘ती नाचली, मग तुम्हाला काय अवघड?’ अशा पाहुण्यांना चहा दे आणि विषय बदल. तिचा अपघात १९८१ चा आणि ती मंचावर परतली १९८४ मध्ये. मधल्या वर्षांतले तिचे कष्ट कोणी सांगत नाही. पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढे तिचा दाखला नको. त्यांना रडावंसं वाटलं तर रडू दे. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यावरून मन उडालंय असं दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला लाजू नकोस.

त्यांच्या हातातली कामं काढून घेऊ नकोस. लाइटबिल, दूधवाल्याचा हिशेब, मुलांचा अभ्यास, बसून भाजी चिरणं, जे जमेल ते त्यांचंच राहू दे. शर्टाचं बटण लावायला त्यांना वेळ लागला तर लागू दे. तू जवळ उभी राहा. मागितल्याशिवाय हात पुढे करू नकोस. मला यात सगळ्यात जास्त कष्ट पडले, आणि यांना सगळ्यात जास्त बळ यातूनच आलं असं मी मानते.

कृत्रिम पाय जखम भरून सूज उतरल्यावरच. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी कर. जयपूर फूटही चांगला. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आपल्याकडचं राहणं बघून तो घडवला, म्हणून त्यावर अनवाणी चालता येतं, शेताच्या बांधावरून जाता येतं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत बसवून देते. सुरुवातीला थोडाच वेळ घालायचा, मग हळूहळू वाढवायचा. काढल्यावर आलेली लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली किंवा फोड आला तर पाय घालणं थांबवून बसवणाऱ्याला दाखवायचं. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नको. ओल राहिली तर त्वचा सोलवटते. मोजे रोज धुतलेले. पुढे स्टंप बारीक होतो आणि तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं; तेव्हा घाबरू नकोस, ते बदलून मिळतं.

जावईबापूंचा एक पाय शुगरनं नेला, आता दुसरा सांभाळायचा. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघ. घरातसुद्धा चप्पल हवी. छोटी जखम दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढून घ्या. एसटी-रेल्वेच्या सवलतींना लागतं. आणि आठवड्यातून एक दुपार तुझी. त्या दुपारी मी येऊन बसेन.

उद्या आधी प्लंबरला बोलावून कमोडशेजारी भिंतीत दांडा बसवून घे. संध्याकाळी मी येते, तेव्हा क्रेप बँडेज आणून ठेव. माझ्या पायावर बांधून सराव कर.