कुंडलीआधी घड्याळ

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र पोचले. फलज्योतिषाचा अभ्यास आरंभतोस न आरंभतोस तोच आळीतली मंडळी पत्रिका घेऊन दारात येऊ लागली आणि त्यातच राष्ट्रांचे भवितव्यही वर्तवावे असे तुझ्या मनाने घेतले, हे वाचून कौतुक वाटले तशी काळजीही वाटली. वडीलकीच्या नात्याने काळजीचा मजकूर आधी लिहितो.

पत्रिका मांडण्यापूर्वी जन्मवेळेची रुजुवात करीत जा. लग्नरास सुमारे दोन तासांनी पालटते आणि नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, अवघ्या तेरा मिनिटांच्या आसपास, असे असता ज्या घरात जन्म ‘दिवेलागणीला’ झाला एवढीच आठवण उरली आहे, त्या घरच्या मुलाचा नवमांश छातीठोकपणे सांगणे हे शास्त्र नव्हे, धाडस होय. बरे, वेळ मिनिटांसह लिहिलेली असली तरी ती कोणत्या घड्याळाची? स्टँडर्ड टाइमच्या एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ मुंबईत कित्येक ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होता. शिवाय सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धाच्या निमित्ताने सरकारने घड्याळे तासभर पुढे केली होती. तेव्हा १९४३ साली मुंबईत जन्मलेल्या एखाद्याच्या टिपणात ‘सकाळी ७ वाजून १० मिनिटे’ असे आढळले, तर ते सात-दहा घरच्या घड्याळाचे की सरकारी, याचा निकाल लागेतोवर पत्रिका बाजूस ठेव. नुसत्या एकोणचाळीस मिनिटांत जवळजवळ तीन नवमांश उलटतात. त्यावर पंचांगांचा तंटा आहेच : चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष यांच्या, राशिचक्राचा आरंभ ठरवणाऱ्या, अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर असल्याने एकाच्या मकरेच्या अखेरीस असलेला गुरू दुसऱ्याच्या कुंभेत पोचलेला असतो.

साडेसातीचे म्हणशील, तर ती एका वेळी बारांपैकी तीन राशींना लागू असते, म्हणजे चौथाई मनुष्यजात सदासर्वकाळ तिच्यात असते. दुकानात खोट आलेल्या गृहस्थास ‘शनी आहे’ एवढे सांगून वाटेस लावण्यापेक्षा त्याची उधारीची वही मागवून घे. मंगळाच्या पाच स्थानांवरून मुलीच्या माथी ठपका ठेवण्याचे काम तर मुळीच पत्करू नकोस. पत्रिकेचा उपयोग मला इतकाच खरा वाटतो की, माणूस घरच्यांपाशी जे बोलत नाही ते ग्रहांच्या आडोशाने बोलतो. ते स्वस्थपणे ऐकावे, मसलत द्यावी, हुकूम सोडू नये.

आता जगाचे. फेब्रुवारी १९६२ मध्ये रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकरेत जमले. प्रलयाच्या धास्तीने देशभर होमहवने झाली, अनेकांनी प्रवास तहकूब केले आणि ३ ते ५ तारखांचे ते दिवस निर्विघ्न पार पडले. पुढे ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, तेव्हा ‘पाहा, अष्टग्रहीचे फळ’ म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु फळाची मुदत आठ महिन्यांची आहे असे फेब्रुवारीतच लिहून ठेवलेला एकही दाखला माझ्या पाहण्यात आलेला नाही. आणि ज्या पुण्यात घरोघरी पंचांग आहे त्या पुण्यावर १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरणाचे पाणी आले, नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, त्या दिवशी मकरेत आठांची गर्दी नव्हती. कारण सापडले ते धरणाच्या अपुऱ्या कामात. वराहमिहिराने बृहत्संहितेत ग्रहचार सांगितले तसे पाऊस मोजण्यासाठी हातभर रुंदीचे कुंडही सांगितले आहे. आमच्या मंडळींनी ग्रहचार तेवढे उचलले आणि कुंड तिथेच ठेवले, ही मला मोठी शोचनीय गोष्ट वाटते.

यास्तव राष्ट्रांविषयी काही सुचलेच, तर ते बोलू नकोस. वहीत तारखेनिशी लिही, फळाची मुदत घाल, अमुक घडले नाही तर भाकीत खोटे समजावे हेही त्याच ओळीत नमूद कर आणि खाली एखाद्या शंकेखोर मित्राची सही घे. लिहिलेले खोडायचे नाही. वर्षअखेर ती वही मला दाखव.

तूर्त आलेल्या पत्रिकांपैकी युद्धकाळातल्या मुंबईच्या तेवढ्या वेगळ्या काढून पाठव. त्यांच्या घड्याळांचा छडा दोघे मिळून लावू. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा