मर्गिलानच्या मागापर्यंत : कारागिराच्या परदेश प्रवासाची आखणी

आपले व्यापारी व कारागीर परदेशी जातात ते बहुधा हज-उमऱ्यासाठी, नोकरीसाठी किंवा दुबईच्या चार दिवसांच्या सहलीसाठी. आपलाच धंदा दुसऱ्या मुलखात कसा चालतो हे पाहण्यासाठी पैसे खर्चून कोणी निघाला, तर घरचेच त्याला वेड्यात काढतात. तरीही अशा प्रवासाचा विचार व्हावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी आम्ही उझबेकिस्तानचे उदाहरण घेत आहोत.

सहल कंपन्या या देशात ताश्कंद, समरकंद आणि बुखारा दाखवतात. ही शहरे पाहण्याजोगी आहेत, त्यात वाद नाही. बुखाऱ्यात सराफांचा, टोपीवाल्यांचा आणि जवाहिऱ्यांचा असे जुने घुमटबंद बाजार आजही उभे आहेत. परंतु विणकर, रंगारी, कुंभार यांनी पाहावे असे काम पूर्वेकडच्या फर्गाना खोऱ्यात चालते. कोकंद, रिश्तान, मर्गिलान आणि अंदिजान ही तिथली गावे. १४८३ साली बाबर जन्मला तो याच अंदिजानात. सहलीच्या गाड्या इकडे फार वळत नाहीत.

मर्गिलान हे रेशमाचे गाव. तिथे दोन कापडे प्रसिद्ध आहेत. अत्लस निव्वळ रेशमाचे असते, तर अद्रासचा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्यांच्या घरी मशरू किंवा हिमरू विणला गेला त्यांना रेशीम-सुताचा हा मेळ नवा नाही. नवे आहे ते रंगकाम. विणण्याआधीच ताण्याचे धागे ठिकठिकाणी घट्ट बांधून रंगात बुडवतात. प्रत्येक रंगासाठी पुन्हा सोडायचे, पुन्हा बांधायचे. त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित पसरतात, आणि म्हणून या कामाला 'अब्र', म्हणजे ढग, असे नाव पडले. विणून झाल्यावर अद्रासला लाकडी मोगरीने ठोकून चकाकी आणतात.

आमच्या मते खरा धडा वेगळाच आहे. सोव्हिएत काळात तिथे मोठ्या गिरण्यांनी हातमागाला मागे सारले होते. १९९१ साली देश स्वतंत्र झाल्यावर घरगुती कारखान्यांनी हा हुन्नर पुन्हा उभा केला. मर्गिलानच्या हस्तकला केंद्राने जुन्या उस्तादांच्या हाताखाली तरुण मुले-मुली बसवली. २०१७ साली युनेस्कोने वारसा जपण्याच्या उत्तम उपक्रमांच्या यादीत या केंद्राचे नाव घातले. आपल्याकडे हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि मुले या धंद्यात यायला तयार नाहीत. तिथली मुले का आली, त्यांना मजुरी कशी मिळते, माल कोण उचलतो, हे प्रश्न प्रत्यक्ष मागाजवळ बसूनच विचारले पाहिजेत.

आता आखणी. आधी वार ठरवावा, मग तारीख. मर्गिलानजवळचा कुमतेपा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, आणि खरा व्यवहार सकाळी लवकर होतो. म्हणून बुधवारी संध्याकाळी पोहोचावे, गुरुवारी बाजार करावा, शुक्रवारी कारखान्यात बसावे, शनिवारी रिश्तानला कुंभारांकडे जावे. कारखाना कोणत्या दिवशी बंद असतो हे आधी विचारून घ्यावे. ऋतूचेही तसेच. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा तडाखा असतो, तेव्हा एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. रेशीमकोष पाहायचे असतील तर मे महिना गाठावा. त्या दिवसांत घराघरांत तुतीचा पाला घालून किडे पाळतात. २१ मार्चच्या नवरोजच्या आसपास मात्र कामाच्या आशेने जाऊ नये.

ताश्कंदहून खोऱ्यात आगगाडीने साधारण पाच तास लागतात. वाटेत १९ किलोमीटरहून लांब कामचिक बोगदा आहे. तो २०१६ साली खुला झाला. त्याआधी आगगाडीला शेजारच्या ताजिकिस्तानातून जावे लागे. आजही सव्वादोन हजार मीटर उंचीच्या खिंडीवरून वाटणीच्या टॅक्सी धावतात. ज्याला डोंगर पाहायचा असेल त्याने जाताना आगगाडी आणि येताना टॅक्सी धरावी. आगगाडीची तिकिटे बरीच आधी काढावीत.

भाषेची भीती बाळगू नये. तिथे उझबेक आणि रशियन चालते, इंग्रजी कमी. पण बाजाराला बोझोर, दुकानाला दुकोन, उस्तादाला उस्ता, शागिर्दाला शोगिर्द म्हणतात. थोरल्या बहिणीला ओपा म्हणतात, आपल्या आपासारखेच. भावाला नर्ख म्हणतात, हा आपला निरखच. एका शब्दाला मात्र जपावे : तिथे 'किम्मत' म्हणजे महाग! भाव विचारायला गेलो आणि माल महाग आहे असे म्हणून बसलो, असे व्हायला नको. स्वस्ताला अर्झोन म्हणतात. हा शब्द पहिल्या दिवसापासून कामाला येतो.

माल घेताना कापड उलटून पाहावे. ताणा रंगवलेल्या कापडावर नक्षी दोन्ही अंगांना दिसते, छापील मालाची उलटी बाजू फिकी असते. एक धागा जाळून पाहावा. खरे रेशीम केस जळाल्यासारखे वासते. रिश्तानला निळ्या झिलईची भांडी बनतात. रानातल्या झुडपांच्या राखेपासून केलेल्या जुन्या झिलईला तिथे इश्कोर म्हणतात. ती कोणत्या भांड्यावर आहे आणि कोणत्यावर तयार झिलई आहे, हे कुंभाराकडूनच समजून घ्यावे. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू दाखल्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा जुन्या भरतकामाच्या मोहात पडण्यापूर्वी विचार करावा.

सूत-कापसाच्या व्यापाऱ्याजवळ आणखी चार दिवस असतील तर त्याने पश्चिमेला नुकुसमार्गे मुयनाकला जावे. हे एके काळी अरल समुद्राचे मासेमारी बंदर होते. कापसाच्या शेतीसाठी १९६० नंतर नद्यांचे पाणी वळवले गेले, समुद्र आटला, आणि गंजलेली जहाजे आता वाळूत उभी आहेत. रस्ता लांबचा आणि कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कागदपत्रांत ई-व्हिसाची सोय २०१८ पासून आहे. त्याचे नियम निघण्यापूर्वी ताजे पाहून घ्यावेत. हॉटेल पाहुण्याची नोंद करते, तिची पावती जपून ठेवावी, आणि कोणाच्या घरी उतरायचे असेल तर नोंदीची चौकशी आधीच करावी. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडोलसारख्या गोळ्यांबाबत तिथले कस्टम फार कडक आहे. त्या सोबत नेऊ नयेत, आणि नेणे भागच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी व तिथे जाहीर करावे. २०१७ पर्यंत चलनाचा काळा बाजार चाले. त्या वर्षी सरकारने दर मोकळा केला, तेव्हा आता बँकेतच पैसे बदलावेत.

परत येताना पिशवीत फक्त नमुने आणावेत. धंद्याचा माल मागवायचा तर आयात-निर्यात कोड काढून रीतसर मागवावा. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी टाचावी : विणकराचे नाव, गाव, ताणा-बाण्याचा धागा, पन्हा, त्याने सांगितलेला निरख आणि एका मागावर दिवसाला किती कापड निघते तो आकडा. हे त्याच संध्याकाळी लिहावे. दोन दिवसांनी सगळे निळे तुकडे सारखेच दिसू लागतात.