मातीचा किल्ला आणि विटांचा किल्ला

दिवाळी आठ दिवसांवर आली, की महाराष्ट्रातील मुलांना मातीचे वेध लागतात. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटांची रास रचली जाते. तिच्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरून डोंगराचे उतार साधले जातात, तटाला गेरूचा हात फिरतो आणि उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरली जाते. चारपाच दिवसांत तेथे हिरवळ डोलू लागते. मग गेल्या वर्षी कागदात गुंडाळून ठेवलेली मातीची चित्रे पेटीतून बाहेर निघतात. सिंहासनावरील शिवाजी महाराज, भालदार, मावळे, तोफा, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आणि गुहेच्या तोंडाशी बसलेला वाघ! एखाद्या मावळ्याचा हात तुटलेला असतो. त्याची नेमणूक मग तटाआड होते. दरवर्षी बाजारातून एकदोन नवी चित्रे येतात आणि हा संग्रह मुले जिवापाड जपतात.

रचण्याची आणि जमवण्याची हीच हौस निराळ्या साधनांनी भागवणारा एक खेळ डेन्मार्क देशात जन्मास आला. बिलुंड नावाच्या खेड्यातील ओले कर्क क्रिस्टियनसेन हे सुतार १९३२ साली लाकडी खेळणी करू लागले. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून त्यांनी १९३४ साली आपल्या खेळण्यांस ‘लेगो’ हे नाव दिले. पुढे प्लॅस्टिकच्या लहान विटा आल्या. त्या आतून नुसत्याच पोकळ असत. म्हणून रचलेले घर जरा धक्का लागताच ढासळे. ओले यांचे पुत्र गॉडफ्रेड यांनी ही उणीव दूर केली. विटेच्या माथ्यावर गोल टेंगळे होतीच. आता तिच्या पोटात पोकळ नळ्या आल्या. एक वीट दुसरीवर दाबली, की खालच्या विटेची टेंगळे वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्यामध्ये घट्ट बसतात. डिंक नको, खिळा नको. तरीही बालकाची बोटे ती सहज सोडवू शकतात. या रचनेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. मापे इतकी काटेकोर राखली गेली, की त्या वर्षीची वीट आजच्या विटेवरही बसते. टेंगळे सोडून विटेची उंची ९.६ मिलिमीटर असते. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो आपणांस लागणार आहे.

आठ टेंगळांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा घेतल्या तर त्या २४ प्रकारे जोडता येतात. सहा विटा घेतल्या तर? कंपनी कित्येक वर्षे १०,२९,८१,५०० हे उत्तर सांगत असे. सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने संगणकाच्या साहाय्याने पुन्हा मोजणी केली, तेव्हा संख्या ९१,५१,०३,७६५ निघाली! जुन्या मोजणीत फक्त एकावर एक अशा सहा थरांचे मनोरे धरले होते. एका थरात दोन किंवा अधिक विटा असलेल्या बुटक्या रचना कोणी विचारातच घेतल्या नव्हत्या. गणित चुकले नव्हते, प्रश्नच अपुरा विचारला गेला होता.

इतक्या शक्यता हाती असताना पुष्कळ मुले पेटीतील पुस्तिकेबरहुकूम एकच वस्तू करतात आणि थांबतात. २००८ साली ताजमहालाची अशी पेटी निघाली. तिच्यात ५,९०० हून अधिक तुकडे होते. तो ताजमहाल रचावयास चिकाटी लागते, हे खरे. परंतु विचार दुसऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. २०१० पासून आत कोणते चित्र आहे हे न कळणारी पाकिटेही विकली जाऊ लागली. हवे ते मिळेपर्यंत पाकिटामागून पाकीट घेत राहावे, अशी ती युक्ती आहे. आपली पेटीतली गवळण निदान तोंड दाखवून तरी घरी येते!

पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या कल्पनेने रचणारे हौशी लोकही जगभर आहेत. अशांच्या कल्पना मागवण्याचा उपक्रम कंपनीने २००८ साली जपानमध्ये सुरू केला. समुद्राच्या तळाशी संशोधन करणारी ‘शिंकाई ६५००’ ही जपानी पाणबुडी त्यातून निघालेली पहिली पेटी होय. पुढे हा उपक्रम सर्व जगासाठी खुला झाला. एखाद्या कल्पनेस १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला, की जाणकार तिची परीक्षा करतात. त्यानंतरही बहुतेक कल्पना नाकारल्या जातात. निवडल्या गेलेल्या कल्पनेच्या कर्त्यास विक्रीतील शेकडा एक वाटा मिळतो.

आता आपण रायगड जिल्ह्यात येऊ. पनवेल तालुक्यातील गव्हाण या गावाशेजारी उलवे येथे उंच इमारतींचे नवे नगर उभे राहिले आहे. सातव्या मजल्यावर अंगण कोठून आणावे, आणि गोणपाट भिजवण्याइतकी माती तरी कोठून? बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात, पण ते आणून ठेवण्यात मौज ती काय! समजा, तेथील एका मुलीने पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला विटांनी रचावयाचे ठरवले.

कर्नाळा म्हणजे अंगठ्यासारखा आभाळात गेलेला काळा सुळका. मुंबई–गोवा महामार्गावरून जाताना तो कोणालाही ओळखता येतो. बोरघाटातून कोकणात उतरणाऱ्या वाटेवर या किल्ल्याची नजर असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत तो होता; १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. किल्ल्याची उंची सुमारे ४४५ मीटर आणि नुसत्या सुळक्याची सुमारे ३८ मीटर आहे.

विटेचा एक थर म्हणजे एक मीटर असे मानले, तर सुळक्याला ३८ थर लागतील आणि तो साडेछत्तीस सेंटिमीटर उंच होईल. हे प्रमाण छान आहे. पण सबंध डोंगराला ४४५ थर हवेत. म्हणजे सव्वाचार मीटर! तो खोलीचे छत फोडून वर जाईल. बरे, एक थर म्हणजे दहा मीटर मानावे, तर डोंगर मेजावर मावतो, परंतु सुळका चार विटांचा खुंट होतो आणि दरवाजा दिसेनासा होतो. मातीत हा पेच पडत नाही. तेथे डोळ्यांच्या अंदाजाने सुळका वाढवता येतो, आणि महाराज महादरवाजापेक्षा उंच असले तरी कोणी हरकत घेत नाही. विटा मात्र मोजावयास लावतात. लेगोचे चित्र चार सेंटिमीटर उंच असते. एका थरास एक मीटर या प्रमाणात तो मावळा चार मीटरांचा राक्षस ठरेल! म्हणून त्या मुलीला काही सोडावे लागेल. माझ्या मते तिने खालचा डोंगर सोडावा, सुळका आणि तट ठेवावेत, आणि मावळ्याच्या जागी एका टेंगळाची उभी वीट ठेवावी. लेगोच्या पेट्या महाग असतात. हेच गणित रिकाम्या काड्यापेट्यांवरही करता येते.

थर मोजता आले तरी काय ठेवावे हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी पक्षी-अभयारण्यातील झाडीतून गड चढून गेले पाहिजे. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांसाठी निळ्या पातळ विटा लागतील. वर कातळाला मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. तेथे मोठ्याने बोलू नये, दगड तर मुळीच मारू नये. पोळ्यांसाठी एका टेंगळाच्या तपकिरी गोल विटा पुरतील.