वाटेवरचे बेथेल : पुरुषाची रोजची उपासना

अभ्यासासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती २८:१०–२२, ईयोब १:५, दानीएल ६:१०



जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीला बेथेल हे नाव घरचे आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री पुढे जालन्यात सेवेला आले. त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचे गाव वसवले आणि त्याला बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’, हे नाव दिले. शेजारी विश्वासणारे आणि मंदिर हाकेच्या अंतरावर असले, म्हणजे प्रार्थनेची सवय लागायला मदत होते.

पण शास्त्रातले पहिले बेथेल वाटेवर होते. याकोब घर सोडून हारानाकडे निघाला होता. सूर्य मावळला, तेव्हा त्याने तिथलाच एक धोंडा उशाला घेतला. देव त्याला तिथे भेटला. पहाटे उठून त्याने तोच धोंडा स्तंभ म्हणून उभा केला. पुढे लाबानाकडे त्याने वीस वर्षे राबून काढली. दिवसा ऊन, रात्री गारठा आणि डोळ्याला झोप नाही, असे तो स्वतःच सांगतो (उत्पत्ती ३१:४०).

ही कथा मी आमच्या वस्त्यांवर सांगतो, तेव्हा पुरुष लगेच मान डोलावतात. दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पहाटे अंधारात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री कोपीत अंग टाकायचे. तिथे ना पाळक, ना रविवारची घंटा. अंगदुखीवर औषध म्हणून दारू मात्र सहज मिळते. वस्तीवर असताना भक्ती आणि फडावर काहीच नाही, असे झाले तर दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याचा भार बायको आणि लेकरांवर पडतो. म्हणून सवय अशी हवी, जी कोयत्याबरोबर बांधून नेता येईल.

१. कामाला बांधा. ‘पहाटे पाच वाजता’ असे ठरवले तर गाडी रात्री दोनला आली की नेम मोडतो. त्याऐवजी ‘कोयता हातात घेण्याआधी’ असे ठरवावे. शेतकऱ्याने मोटार चालू केल्यावर पाणी दाऱ्यावर पोहोचेपर्यंतचा वेळ घ्यावा. कारखान्यातल्या कामगाराने पाळीला जाताना, चप्पल घालण्याआधी थांबावे. याकोबाने जवळ होता तोच धोंडा वापरला.

२. लहान ठेवा. रोज मार्ककृत शुभवर्तमानातला एक परिच्छेद आणि दोन मिनिटे प्रार्थना पुरे. स्तोत्र ११७ मध्ये दोनच वचने आहेत. वाचता येत नसेल, तर आठवड्याला एक वचन पाठ करावे. लेकरू शाळेत जात असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावे.

३. नावे घेऊन प्रार्थना करा. ईयोब पहाटे उठून आपल्या प्रत्येक मुलासाठी होमार्पण करी, आणि हा त्याचा नित्याचा क्रम होता. घरातली प्रार्थना ही बाईमाणसाचीच, असे समजणाऱ्या बापाने हे वचन जरूर वाचावे. लेकरू आजोबांकडे गावी असेल, तरी त्याचे नाव रोज देवापुढे घेता येते.

४. सोबती धरा. टोळीतल्या एका भावाने दुसऱ्याला आठवड्यातून एकदा विचारावे, “नेम चालू आहे का?” विचारताना रागवू नये.

५. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुढे चला. राहिलेले सारे एकदम भरून काढायचे ओझे घेऊ नका. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी असते, असे विलापगीत ३:२२–२३ शिकवते.

दानीएल परक्या देशात होता. प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने नवीन काही सुरू केले नाही; आधीपासून करत आला तसेच त्याने दिवसातून तीनदा गुडघे टेकले. संकट आले त्या दिवशी जुनी सवय त्याच्या उपयोगी पडली. म्हणून टोळ्या निघण्याआधीच, वस्तीवर असतानाच, सवय लावून घेऊ या.

मंडळीचाही यात वाटा आहे. निघणाऱ्या कुटुंबांना प्रार्थना करून निरोप द्या, खिशात मावेल असा नवा करार द्या, आणि हंगामात आठवड्यातून एकदा फोन करा. ज्यांना तुम्ही देणगी पाठवता, त्यांची तुमच्याही रोजच्या प्रार्थनेत आठवण असू द्या.

मननासाठी प्रश्न
• माझ्या दिवसातले कोणते काम कधीच चुकत नाही? प्रार्थना त्याला कशी जोडता येईल?
• घरातल्या कोणासाठी मी आज नाव घेऊन प्रार्थना केली?
• माझा नेम चालू आहे का, हे मला कोण विचारतो?

प्रार्थना : हे प्रभू, याकोबाला वाटेवर भेटलास तसा आमच्या बांधवांना फडावर, शेतात आणि कारखान्यात भेट. त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.